पालथं झाकण

सोमवार, १३ जानेवारी

छोटी,

काल, रविवार, १२ जानेवारीला, दुपारी एक वाजून वीस मिनिटांनी तुझ्या नवऱ्याने तुझ्या जेवणाच्या टेबलावर माझ्यापुढे पाच ग्लास मांडले. वेळ मला नक्की ठाऊक आहे, कारण भिंतीवरचं घड्याळ बरोबर त्याच्या डोक्यामागे होतं आणि मी त्याच्या तोंडाकडे बघायचं टाळत होते.

"ताई, चौतीस वर्षं तुम्ही व्हिस्कीच्या कारखान्याचं नाक होता. आता फुकटात आमची थोडी करमणूक करा," असं तो म्हणाला.

पहिले दोन ग्लास मी बाजूला सारले. तिसऱ्याबद्दल मी सांगितलं की धान्य धुरावर वाळवलेलं आहे, पिंप खाऱ्या वाऱ्यात ठेवलेलं आहे आणि वय बारा वर्षांच्या खाली नाही. त्यावर तुझ्या नवऱ्याने स्वयंपाकघरातून किटली आणून सगळ्यांना दाखवली. व्होडकात सकाळचा उरलेला कोरा चहा. चौदा माणसं हसली. मी मोजली. तू पंधरावी. तू तोंडावर नॅपकिन धरलास, म्हणजे तुझं हसणं हिशेबात धरायचं नाही, असं तुला वाटलं असावं.

मला सर्दी होती. शिवाय आमच्याकडे वास निळ्या ग्लासातून घेतात, रंग दिसू नये म्हणून. पारदर्शक ग्लास देऊन परीक्षा घेणं म्हणजे मुलाला आधी चुकीचं उत्तर दाखवून गणित घालणं. पण ही गोष्ट ज्याला कळेल तो किटली घेऊन नाचत नाही.

तुझ्या नवऱ्याची माफी मला लेखी हवी, त्याच्या अक्षरात. फोन करू नकोस. फोनवर तू हसतेस.

ताई

---

२१ जानेवारी

ताई,

माफीपत्र सोबत आहे. ह्यांनी ते दोनदा लिहिलं. पहिल्याच्या तळाशी हसरा चेहरा काढला होता, तो मी फाडून टाकला. पण खरं सांगू, सर्दी होती तर आधी सांगायचंस ना! तू ग्लासावर अशी झुकलीस की जणू काही न्यायाधीशच. कुणाला वाटणार तुझं नाक चोंदलंय? आई म्हणायची तेच खरं, थोरलीला नाक दिलं आणि धाकटीला तोंड. आता राग सोड.

आणि सोडायचाच आहेस, कारण मला तुझी गरज आहे. हे मार्चअखेर निवृत्त होतायत. ऑफिसातले लोक घड्याळ देणार, म्हणजे वेळ संपल्यावर घड्याळ. ह्यांच्या डोक्यात भरलंय की एप्रिलमध्ये डिस्टिलऱ्या बघायच्या. सहल कंपनी नको, झेंडा धरून पुढे चालणारा गाइड नको, आपली गाडी आणि आपला नकाशा. तीन दिवसांत नऊ ठिकाणं, असा ह्यांचा बेत आहे. मी म्हटलं, नवव्या ठिकाणी मी तुम्हाला हातगाडीवर घालून नेणार का?

तू आखून दे ना. आणि चल बरोबर. मागच्या सीटवर तू एकटी, पाय पसरून बस, आम्हाला शिव्या घाल. इतकी वर्षं तू तिथे काम केलंस आणि मी तुझी खोलीसुद्धा पाहिलेली नाही.

तुझी छोटी

---

रविवार, २ फेब्रुवारी

छोटी,

माफी मिळाली. त्यात "गंमत" हा शब्द तीनदा आला आहे. फाईलला लावली.

मी येणार नाही. जिथे पगार घेऊन वास घेतला तिथे तिकीट काढून रांगेत उभी राहणार नाही. पण तुम्हाला तसंच सोडलं तर तिसऱ्या दिवशी तुझा नवरा रस्त्याकडेच्या चरात सापडेल, म्हणून लिहिते.

नऊ नाही. दिवसाला एक, फार तर दोन. पहिली सकाळी साडेदहाला, दुसरी दुपारी दोनला. तिसऱ्या ठिकाणी माणूस चव घेत नाही, नुसता गिळतो. गुरुवार ते शनिवार जा, रविवारी सगळं बंद असतं. एप्रिल ठीक आहे. जुलैत भट्ट्या थांबवून तांब्याची भांडी धुतात. तेव्हा गेलात तर रिकामी भांडी आणि जांभया देणारा गाइड बघायला मिळेल.

गाडी कोण चालवणार हे ठरवल्याशिवाय हॉटेल ठरवू नका. चालवणाऱ्याने एक थेंबही घ्यायचा नाही. त्याच्या वाट्याचं छोट्या बाटलीत भरून देतात, पण ते मागावं लागतं. तुझा नवरा म्हणेल, "एका घोटाने काय होतं?" त्याला सांग, काय होतं ते मी आमच्या गोदामाच्या भिंतीवर पाहिलंय. मोटार लाल होती.

पहिल्या दिवशी नदीकाठची. दोनच भट्ट्या आहेत, मालक स्वतः फिरवतो आणि त्याला प्रश्न विचारलेले आवडतात, म्हणून तुझ्या नवऱ्याला विचारू देऊ नकोस. दुसऱ्या दिवशी सकाळी रेल्वेलाइनजवळची मोठी. तिथली काचेची भिंत आणि दुकान सोडून द्या, पिंपवाल्यांची शेड बघा; खिळा न मारता माणसं लाकूड कसं बांधतात ते बघण्यासारखं आहे. तिसऱ्या दिवशी समुद्राकडची, धुराची. पोटात काहीतरी असू दे, पाव आणि उकडलेली अंडी उत्तम. सकाळी पुदिन्याची टूथपेस्ट नको. अत्तर नको. तुझ्या नवऱ्याचं ते आफ्टरशेव्ह घरी ठेव. नवराही ठेवलास तर आणखी चांगलं.

टेकडीवरची, म्हणजे माझी, यादीत नाही. तिथे दुरुस्ती चालू आहे. सप्टेंबरपर्यंत पाहुण्यांना बंद.

ताई

---

१ मार्च

ताई,

ह्यांनी तुझ्या पत्रावरून तक्ता केलाय, रंगीत. पिवळं म्हणजे गाडी, हिरवं म्हणजे जेवण, लाल म्हणजे "ताईंची सूचना". बहुतेक सगळा तक्ता लाल आहे. पहिल्या दिवशी गाडी हे चालवणार, दुसऱ्या दिवशी मी, तिसऱ्या दिवशी बस. आफ्टरशेव्ह कपाटात बंद. नवरा मात्र नेते आहे, सामान उचलायला लागतो.

आता एक गोष्ट. तुझ्या टेकडीवरच्या ठिकाणी मी सहज फोन केला. फोनवरची मुलगी म्हणाली, "बंद? कुणी सांगितलं मॅडम? आमच्याकडे तर रोज पाहुणे असतात." तुला कुणीतरी चुकीचं सांगितलंय गं. मग आम्ही शनिवारी समुद्र लवकर उरकून परतताना तिकडे वळतो. मला तुझी खोली बघायचीय. तू कुठे बसायचीस, खिडकी होती का? वास कसा यायचा? मी आत शिरल्यावर मला काय कळायला हवं ते सांगून ठेव, नाहीतर मी आपली "छान छान" करत बाहेर येईन.

आणि हो, ह्यांनी विचारलंय, जाताना किटली आणू का? मी लाटणं दाखवलं.

छोटी

---

रविवार, ९ मार्च

छोटी,

मला कुणी चुकीचं सांगितलं नाही. मी तुला चुकीचं सांगितलं. तू तिथे जाऊ नयेस असं मला वाटतं, आणि बासष्टाव्या वर्षी मला त्याचं कारण द्यावं लागेल असं वाटलं नव्हतं.

कारण असं की तिथे काउंटरवर आता एक उंच, पाठीत वाकलेला माणूस पाहुण्यांना ग्लास भरून देतो. त्याला शिंक्या म्हणतात. नाव मीच ठेवलं. पहिल्याच दिवशी तो सत्तावीस नमुन्यांवर शिंकला होता. नऊ वर्षं माझ्या उजव्या हाताला बसला. आमच्याकडे रीत अशी की प्रत्येक पिंपाच्या नमुन्याचा वास दोन नाकं घेतात. दुसरं नाक सकाळी आठला नमुने ओतून रांगेत मांडतं, ग्लासांवर काचेची बशीसारखी झाकणं ठेवतं. मग दोघं शेजारी बसून, एक शब्द न बोलता, आपापली चिठ्ठी लिहितात. चिठ्ठ्या जुळल्या तर पिंप पुढे जातं. शिंक्याच्या चिठ्ठ्या शेवटची चार वर्षं माझ्या चिठ्ठ्यांशी कायम जुळत होत्या. कायम. म्हणजे त्याला स्वतःचं मत नव्हतं. मी तसं त्याच्या वार्षिक अहवालात चारही वर्षं लिहिलं. मी निवृत्त झाल्यावर त्यांनी त्याला नाकाच्या खोलीतून काढून काउंटरवर बसवलं, ते योग्यच झालं. असा माणूस माझ्याबद्दल काय बोलेल, ते तुला ऐकायची गरज नाही.

तरी तू जाशीलच, कारण लहानपणापासून तुला नको म्हटलं की पाय फुटतात. तेव्हा वासाबद्दल. फाटकातून आत गेलीस की आधी ओलं, कोमट धान्य येईल, पावसात भिजलेल्या लोकरीच्या कोटासारखं. आंबवण्याच्या टाकीवर वाकशील तेव्हा हिरव्या सफरचंदाची साल, आणि त्याच्या मागोमाग नाकात एक चापट बसेल. ती वायूची. मागे सर, नाहीतर घेरी येईल. भट्ट्यांपाशी गरम तांबं आणि करपलेली साखर. गोदामात थांब. पाच मिनिटं बोलू नकोस, नवऱ्यालाही बोलू देऊ नकोस. तिथे माती आहे, लाकूड आहे, आणि मध्येच कुठूनतरी पिकलेल्या पेअरचा वास येतो, जिथे पेअर नसतो. तो पिंपातून दर वर्षी उडून जाणाऱ्या भागाचा वास. माझी खोली जिन्याच्या वर, उत्तरेला खिडकी. तिथे काहीच वास यायचा नाही. तेच तिचं काम होतं.

शिंक्यापुढे माझं नाव काढू नकोस.

ताई

---

२२ एप्रिल

ताई,

सहल झाली. नदीकाठचा मालक अगदी तू म्हणालीस तसाच. ह्यांनी पहिला प्रश्न विचारला आणि पाऊण तास गेला. पिंपवाल्यांची शेड पाहून तर मी तिथेच बसून राहिले. चालवणाऱ्याच्या बाटल्या मागून घेतल्या, लाजलो नाही. तुझी आखणी कुठेही चुकली नाही.

शनिवारी आम्ही टेकडीवर गेलो. रागावायचं असेल तर आत्ताच रागावून घे, कारण पुढे बरंच आहे.

लोकरीचा कोट, सफरचंदाची साल, चापट, सगळं जसंच्या तसं. गोदामात मला तो पेअर आला, ताई. मी ह्यांचा हात धरला. हे काही न बोलता उभे राहिले, हे तुला खरं वाटणार नाही.

मग काउंटर. तो उंच माणूस होता. फार हळू बोलतो, ग्लास असा ठेवतो की आवाज होत नाही. आमच्याबरोबर आणखी सहा पाहुणे होते. ह्यांच्या पोटात दोन ग्लास गेले होते आणि तू नाव काढू नका म्हणालीस ते मी ह्यांना सांगायला विसरले. शपथेवर, विसरले. हे सगळ्यांना म्हणाले, "इथल्या मोठ्या नाकाला मी चहा पाजलाय!" आणि ती पूर्ण गोष्ट, किटलीसकट. सहाही जण हसले. मीही हसले, लपवत नाही.

तो माणूस हसला नाही. त्याने फडकं खाली ठेवलं. म्हणाला, "कधीची गोष्ट?"

हे म्हणाले, "जानेवारीतली."

"त्या चहावर हसू नका साहेब," तो म्हणाला. "बाईंना सहा वर्षं झाली, वास येत नाही."

मी म्हटलं, "त्यांना सर्दी होती हो. मी बहीण त्यांची."

तर त्याचा चेहराच उतरला. म्हणाला, "तुम्हाला माहीत असेल असं वाटलं. माझं चुकलं, माफ करा." आणि आत निघून गेला. मी मागे गेले. बाटल्यांच्या खोक्यांवर आम्ही दोघं बसलो आणि मी त्याच्याकडून सगळं काढलं, तुला माहीतच आहे मी काढते. तो सांगत नव्हता, मी काढलं. ते तापाचं हिवाळ्यातलं दुखणं, त्यानंतर तू परत आलीस तो पहिला सोमवार. एका नमुन्यात कुजक्या बुचाची घाण होती, त्याला दारातूनच कळली. तू तो ग्लास नाकाला लावलास आणि "उत्तम" लिहिलंस. त्याने तुझी चिठ्ठी बदलली नाही, स्वतःची लिहून फाडली, नमुना सांडला असं सांगितलं. आणि दुसऱ्या दिवसापासून सकाळी मांडताना आधी स्वतः वास घेऊन, ज्या ग्लासात खोट आहे त्याचं झाकण तो पालथं ठेवायला लागला. चार वर्षं. मी विचारलं, "का केलंत?" तर म्हणाला, "मला वास घ्यायला बाईंनी शिकवलं. पहिली पाच वर्षं. त्यांच्यासारखं नाक मी पाहिलं नाही."

तुला कळत होतं का गं? ती झाकणं? की तुला वाटत होतं, तूच ओळखतेयस?

आणि तू मला का नाही सांगितलंस? मी किटली फेकून दिली असती.

छोटी

---

बुधवार, ३० एप्रिल

छोटी,

नाक गेलंय हे मला त्या तापाच्या दुसऱ्याच आठवड्यात कळलं.

दूध करपून भांडं काळं ठिक्कर झालं आणि मी शेजारच्या खुर्चीत वर्तमानपत्र वाचत बसले होते. शेजारीण दार बडवत आली, तेव्हा मी माझ्या नाकाचं मयत पाहिलं. जळजळ तेवढी उरते. दारूची चुणचुण मेलेल्या नाकालाही लागते, म्हणूनच तुझ्या नवऱ्याची व्होडका चालून गेली. बाकी सगळं मी आठवणीने लिहीत होते. तुला लिहिला तो पेअरही आठवणीतला.

पालथं झाकण पहिल्या दिवशी मला चूक वाटली. दुसऱ्या दिवशी दोन पालथी होती. त्या दोन ग्लासांवर मी "नापसंत" लिहिलं. त्याच्या चिठ्ठीतही "नापसंत". मी त्याच्याकडे बघितलं, तो खिडकीकडे बघत होता. त्यानंतर आम्ही त्यावर कधी एक शब्द बोललो नाही. निवृत्तीच्या दिवशी त्याने माझी छत्री दारापर्यंत आणून दिली, बस्स.

आता तू विचारशील, मग अहवालात तसं का लिहिलं. विचारूच नकोस, सांगते. पहिल्याच वर्षी दुसऱ्या डिस्टिलरीने त्याला पहिलं नाक म्हणून मागितलं होतं. मी चांगलं लिहिलं असतं तर तो गेला असता. मग माझी झाकणं कुणी मांडली असती? म्हणून लिहिलं, "चिठ्ठ्या नेहमी जुळतात, स्वतंत्र निर्णयशक्ती नाही." वाक्यातला पहिला भाग खरा होता. त्याने ते वाचलं, खाली सही केली आणि दुसऱ्या दिवशी आठ वाजता येऊन नमुने मांडले.

तुला वाटेल मला लाज वाटते. नाही, मला राग येतो. मला न विचारता, रोज सकाळी आठ वाजता, त्या माणसाने माझी कीव केली. तुझ्या नवऱ्याने माझा अपमान एकदा केला आणि हसून केला. शिंक्याने चार वर्षं केला आणि हसलादेखील नाही. दोघांत तुझा नवरा परवडला.

हे पत्र जाळायची गरज नाही. मी जे लिहिते त्याच्या खाली सही करते.

ताई

---

२० मे

ताई,

तुझं पत्र मी ह्यांना दाखवलं नाही. तीन आठवडे पर्समध्ये घेऊन फिरतेय. भाजी घेतानासुद्धा हात लागतो.

मी परत टेकडीवर जाऊन आले, एकटी, बसने. तिथलं आत्ताचं पहिलं नाक नोकरी सोडून जातंय. जागा भरायची आहे, निवड समिती २४ जूनला बसते. शिंक्याने अर्ज केलाय. तो पन्नाशीला आलाय, पुढच्या वेळी वयात बसणार नाही. समितीने त्याला सांगितलं, तुझं नाक चांगलं असेल, पण तुझ्या फाईलमध्ये चार वर्षांचे अहवाल तसे आहेत. ज्यांनी लिहिले त्यांनीच दुरुस्त केले तर बघू. त्याने तुला लिहिलं नाही. मी म्हटलं, "का नाही लिहिलंत?" म्हणाला, "बाईंना त्रास होईल."

असा माणूस आहे तो, ताई. त्याची बायको घरी झाडाच्या पानांचे, साबणाचे, मुलांच्या वह्यांचे वास डबीत भरून ठेवते आणि संध्याकाळी डोळे बांधून त्याची परीक्षा घेते, नाक बोथट होऊ नये म्हणून. आज ना उद्या ती खोली परत मिळेल म्हणून.

तू फक्त चार ओळी लिही. "माझे अहवाल चुकीचे होते. याचं नाक उत्तम आहे." एवढंच. तुझ्या वासाचं, झाकणांचं काही नको. तोच म्हणाला, बाईंच्या अब्रूला धक्का लागेल असं काही नको. शपथ घातली मला.

पण मी त्याच्याइतकी चांगली नाही, हे तुला माहीत आहे. तू लिहिलं नाहीस तर मी लिहीन. आणि त्या रविवारच्या चौदाही जणांना परत जेवायला बोलावून तुझं ३० एप्रिलचं पत्र मोठ्याने वाचून दाखवीन. सही आहेच त्यावर. एकदा तरी खरं लिही गं. आयुष्यभर मला खोटं बोलू नकोस म्हणून पट्टीने मारत आलीस.

छोटी

---

सोमवार, २ जून

छोटी,

धमकीची गरज नव्हती, पण तुझं अक्षर रागात सुधारतं.

मी लिहिलं आहे. तू चार ओळी मागितल्यास. चार ओळींत अर्धंच खरं मावतं, आणि अर्धं खरं म्हणजे पुरतं खोटं, हे आपल्याला एकाच कॉन्व्हेंट शाळेत, एकाच सिस्टरने शिकवलं. तू मागच्या बाकावर होतीस. तेव्हा मी पूर्ण लिहिलं. मूळ पत्र आज सकाळी रजिस्टर पोस्टाने गेलं. पावती माझ्याकडे आहे. प्रत सोबत जोडते, तुझ्या चौदा पाहुण्यांपुढे वाचायला उपयोगी पडेल.

शिंक्याने घातलेली शपथ तुला होती, मला नव्हती.

ताई

---

[प्रत]

२ जून

अध्यक्ष, निवड समिती यांस,

मी आपल्या डिस्टिलरीत चौतीस वर्षं नोकरी केली, पैकी शेवटची एकोणीस वर्षं पहिलं नाक म्हणून. ज्या अर्जदाराचे चार वार्षिक अहवाल आपल्याला अडचणीचे वाटतात, ते मी लिहिले आहेत. त्यांच्याबद्दल सत्य असं आहे.

ते अहवाल खोटे आहेत. माझ्या नोकरीच्या त्या शेवटच्या चार वर्षांत मला कोणताही वास येत नव्हता. अर्जदाराच्या चिठ्ठ्या माझ्याशी जुळत होत्या याचं कारण मी त्याचा निर्णय उतरवत होते. सदोष नमुन्याचं झाकण तो पालथं ठेवत असे आणि ते बघून मी माझी चिठ्ठी लिहीत असे. त्या चार वर्षांत माझ्या सहीने पुढे गेलेल्या प्रत्येक पिंपामागे एकच नाक होतं, आणि ते त्याचं होतं. माझ्या पाहण्यात त्याहून चांगलं नाक आलेलं नाही. मी चांगली होते त्या काळातलं माझं नाक धरूनही हे लिहिते.

आता दुसरी गोष्ट. दोन नाकांनी एकमेकांना न कळवता वास घ्यावा, हा आपला पायाचा नियम आहे. आपल्या नियमपुस्तिकेत असंही म्हटलं आहे की सहकाऱ्याच्या नाकात दोष आढळल्यास त्याच दिवशी लेखी कळवावं, आणि न कळवणाऱ्याला नाकाच्या खोलीत पुन्हा कधीही काम देऊ नये. हे कलम मीच सुचवलं होतं. अर्जदाराला माझा दोष पहिल्या दिवशी कळला. त्याने पहिल्या दिवशी कळवलं नाही. त्यानंतर चार वर्षं, कामाच्या प्रत्येक सकाळी आठ वाजता, त्याने तो न कळवण्याची व्यवस्था केली. त्यात त्याचा काही फायदा नव्हता. त्याने ते दयेपोटी केलं. नियमपुस्तिकेत दयेला सूट दिलेली मला आढळली नाही. आपल्याला आढळल्यास पानाचा क्रमांक कळवावा.

वरच्या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. एक स्वीकारून दुसरी वगळायची, असं आपल्याला करता येणार नाही, कारण त्या एकाच सहीखाली आहेत.

हे पत्र मी माझ्या बहिणीच्या आग्रहावरून लिहिते. अर्जदाराला यातल्या मजकुराची कल्पना नाही. आपण त्याला बोलावून हे पत्र त्याच्यासमोर वाचावं आणि प्रत्येक वाक्यावर खरं की खोटं असं त्याचं उत्तर घ्यावं. तो खोटं बोलणार नाही. तो प्रशिक्षणाला माझ्याकडे होता.

माझ्याविरुद्ध काय कारवाई करता येईल, याचा विचार आपण करू नये. मी निवृत्त आहे, आपल्याकडे माझं काही उरलेलं नाही. अर्जदाराच्या बाबतीत समितीने काय ठरवलं आणि कोणत्या कलमाखाली ठरवलं, ते मला शुक्रवार, २७ जून, सायंकाळी पाच वाजण्यापूर्वी लेखी कळवावं. दूरध्वनी करू नये. तोंडी उत्तर मी उत्तर धरत नाही.